जुन्या ट्रकसाठी घेतलेला २४ व्होल्टचा स्कॅनर: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडे बीएस-४ (गाडीच्या धुरावरचे सरकारी निकष) काळातला, सहा सिलिंडरचा, टर्बो आणि इंटरकूलर असलेला कॉमन रेल (सर्व नोझलना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, मोठ्या दाबाचे डिझेल देणारा) ट्रक आहे. हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डातून कांदा आणि एरवी सिमेंट किंवा टॉवेल-चादरींच्या गाठी असे त्याचे काम असते. या गाडीसाठी २४ व्होल्टवर चालणारा आणि अवजड वाहनांचा जे-१९३९ प्रोटोकॉल (इंजिनच्या संगणकाची ठरलेली भाषा) वाचणारा हातातला स्कॅनर, म्हणजे बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे दाखवणारे यंत्र, घेतला. तिन्ही ऋतूंत तो भरपूर वापरल्यावर हा अनुभव लिहीत आहे. स्कॅनरच्या कंपनीचे नाव देत नाही, कारण या वर्गातली बहुतेक यंत्रे मूळ कामात एकमेकांसारखीच आहेत. माझे मत मात्र स्पष्ट आहे. केवळ कोड वाचून पार्ट बदलण्यासाठी हे यंत्र घेणार असाल तर घेऊ नका. इंजिन चालू असताना सेन्सरचे बदलते आकडे पाहण्याची तयारी असेल तर जुन्या गाडीच्या मालकासाठी याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

देशात १ एप्रिल २०१० रोजी ज्या १३ शहरांत बीएस-४ निकष लागू झाले, त्यांत सोलापूर होते. पण परराज्यांत जाणाऱ्या अवजड गाड्यांपर्यंत ते १ एप्रिल २०१७ पासूनच पोहोचले. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जुन्या, निष्णात मिस्त्रींची हयात मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर गेली आहे. कानाने ते जे ओळखतात ते कोणत्याही यंत्राला ओळखता येणार नाही, हे मी आदराने सांगतो. परंतु कॉमन रेल इंजिनात मिसिंग (सिलिंडर मध्येच काम सोडणे), हंटिंग (आरपीएम आपोआप वरखाली होणे) आणि पिकअप जाणे ही लक्षणे डिझेल फवारणाऱ्या नोझलमुळेही येतात, वायरमुळेही येतात आणि डिझेलच्या लाइनमध्ये एअर धरल्यामुळेही येतात, आणि कानाला ती तिन्ही जवळपास सारखीच वाटतात.

आमच्या गाडीचा मुख्य त्रास असा होता की इंजिन तापल्यावर आणि लोड आल्यावर ती अचानक मिसिंग मारी, चेक लाइट लागे, ताकद निम्म्यावर येई आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही काळ सगळे सुरळीत होई. स्कॅनरने एसपीएन १५७, एफएमआय ४ असा कोड दाखवला. एसपीएन बिघाड कशात आहे ते सांगतो आणि एफएमआय तो कोणत्या प्रकारचा आहे ते. एसपीएन १५७ म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब आणि एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी. जिथे जिथे हा कोड दाखवला तिथे रेल प्रेशर सेन्सर बदलण्याचाच सल्ला मिळाला. कोडचा अर्थ मात्र तेवढा नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, त्या सर्किटमधून येणारा व्होल्टेज पटलेला नाही, इतकेच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) आहे, तीन वायरी आहेत आणि सेन्सरला ५ व्होल्ट पुरवणारी ईसीयूची बाजूही आहे.

या सेन्सरचा सिग्नल दाब शून्य असताना साधारण ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला साधारण ४.५ व्होल्ट असतो. इंजिन बंद पडून रेल रिकामी झाली, तरीही चांगल्या वायरीतून अर्धा व्होल्ट आलाच पाहिजे. बिघाडाच्या वेळी ईसीयू दाबाचा स्वतःचा पर्यायी आकडा धरून चालते, म्हणून मी स्कॅनरच्या पडद्यावर दाबाऐवजी सेन्सरचा व्होल्टेज निवडला आणि शेजारी बसून तो पाहत राहिलो. मिसिंग झाली त्या क्षणी आकडा थेट शून्याजवळ गेला आणि लगेच परत आला. खऱ्या दाबाला असे वागताच येत नाही. तो उतरेल तर अर्ध्या व्होल्टपर्यंतच उतरेल. म्हणजे सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकत होती. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) टप्प्याटप्प्याने हलवल्यावर हेडजवळच्या एका पट्टीमागे घासून उघडी पडलेली वायर सापडली. लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलते, हार्नेस ताणला जातो आणि तांबे पट्टीला लागते, म्हणूनच हा त्रास मोकळ्या गाडीत कधी दिसत नसे. वायर सोल्डर करून, वर उष्णतारोधक नळी चढवून आणि हार्नेसचा मार्ग बदलून बांधल्यापासून तो कोड परत आलेला नाही. मूळ सेन्सर आजही तोच आहे.

या प्रसंगानंतर सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत फक्त चावी चालू करून आकडे पाहण्याची सवय लागली, आणि स्कॅनरचा सर्वांत स्वस्त व प्रामाणिक उपयोग हाच आहे असे मला वाटते. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमाने जवळपास सारखी दिसली पाहिजेत. कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स साधारणपणे २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. म्हणजे गंजलेल्या कपलरने वाटेत रेझिस्टन्स वाढवला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटते. सोलापुरात मे महिन्याच्या सकाळी कूलंट १२ अंश दाखवत असेल तर ते खोटे आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. तसेच मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) दाबाचे. इंजिन बंद असताना हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पण सोलापूर साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने इथे ९६ च्या आसपास दिसणे योग्य आहे. आकडा यापासून फार दूर असेल तर टर्बोकडे वळण्याआधी सेन्सर आणि त्याची वायरिंग तपासावी.

थंड इंजिन थरथरण्याचा प्रश्न वेगळा निघाला. स्कॅनरमध्ये एकेक सिलिंडर थोडा वेळ बंद करण्याची चाचणी आहे. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम पडतो आणि आवाज बदलतो. ज्याला बंद करूनही काहीच फरक पडत नाही तो आधीपासूनच काम करत नसतो. पण तो का करत नाही, हे ही चाचणी सांगत नाही, कारण कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्हचा दोषही असाच दिसतो. म्हणून सर्व नोझलच्या रिटर्न लाइनला बाटल्या लावून परत येणारे डिझेल मोजले, आणि त्याच सिलिंडरच्या बाटलीत इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त डिझेल जमले. तेव्हा कुठे ते एकच नोझल डिझेल लॅबमध्ये दिले. नवे नोझल बसवल्यावर त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो, आणि ते काम या स्कॅनरने आमच्या इंजिनसाठी केले. घेण्यापूर्वी आपल्या इंजिनसाठी ही सोय आहे का, हे विक्रेत्याकडून प्रत्यक्ष गाडीवर करून घ्यावे. यादीत नाव असणे पुरेसे नाही.

तुळजापूरच्या घाटात भरलेली गाडी चढत नाही, ही तक्रार सोलापूरच्या कोणत्याही ट्रकवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. अशा वेळी दोन जोड्या शेजारी ठेवून पाहाव्यात: रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब, तसेच बूस्टचा (टर्बोने दाबून दिलेल्या हवेचा) मागितलेला आणि मिळालेला दाब. चढावर रेलचा दाब मागणीच्या खाली राहत असेल तर फिल्टर, सक्शन लाइन आणि पंप या क्रमाने जावे. सक्शनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर हवेचे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. आमच्याकडे रेल ठीक होती आणि बूस्ट मागे पडत होता. इंटरकूलरचा होज क्लिपखाली फाटला होता, आणि उभ्या गाडीत तो अजिबात लक्षात येत नव्हता. आकडे बघण्याचे काम शेजारी बसलेल्यानेच करावे, चालकाने कधीही करू नये.

यंत्राच्या मर्यादाही गंभीर आहेत. दुपारच्या उन्हात पडदा जवळजवळ दिसत नाही. अपडेटसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि त्याशिवाय नव्या गाड्या उघडत नाहीत. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतांशी १२ व्होल्टच्या कारसाठी असतात. २४ व्होल्टची क्षमता लिहिलेली नसेल तर ते ट्रकला लावूच नयेत. कोड पुसण्याची घाई हा तर मोठाच दोष आहे. कोडसोबत त्या क्षणीची आरपीएम, तापमान, दाब अशी माहिती साठवलेली असते आणि पुसल्यावर तीही जाते. त्यामुळे गाडी कोणाच्याही हाती देताना, आधी फोटो काढा आणि मगच पुसा, असे मी आग्रहाने सांगतो. युरियाची टाकी असलेल्या गाड्यांत चेक लाइट विझवण्यासाठी ती यंत्रणाच बायपास करून देणारे भेटतात. तो मार्ग मी पूर्णपणे नाकारला आहे, कारण त्याने धुराचे विष रस्त्यावर सोडले जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

स्कॅनरसोबत चांगला मल्टिमीटर नसेल तर निम्मे काम अडते. स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर बॅटरीची जोडणी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजावा. अनेक गाड्यांत कॅनच्या (गाडीतले संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जोडणीच्या) दोन वायरी याच पिनांवर येतात, आणि दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर समांतर असल्याने तिथे सुमारे ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक टोक तुटलेले आहे. स्टार्टर फिरत असताना इंजिनच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी अर्थिंगची पट्टी खोलून घासावी. एकाच वेळी अनेक सेन्सरचे कोड आले की ते सगळे सेन्सर खराब झाले असण्यापेक्षा अर्थिंग किंवा सामाईक ५ व्होल्टचा पुरवठा बिघडला असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

आता गाडी नीट चालत असताना थंड आणि तापलेल्या इंजिनाचे सर्व आकडे आम्ही वहीत उतरवून ठेवतो: मोकळ्या रेसला रेलचा दाब, एक्सलरेटरच्या सेन्सरमधल्या दोन्ही ट्रॅकचे व्होल्टेज, चार्जिंग आणि प्रत्येक सिलिंडरची इंधन दुरुस्ती (ईसीयू त्या सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त करते तो आकडा). पुढच्या वेळी मिसिंग आली की पुस्तकातल्या आकड्यांऐवजी याच गाडीच्या आकड्यांशी तुलना करता येईल, आणि मिस्त्रीसमोर वही उघडून बोलणेही सुरू करता येईल.