घरच्या पवनचक्कीचे तीन पावसाळे

ठोसेघरहून चाळकेवाडीकडे वर चढताना आमचं घर लागतं, त्यालाच लागून पाहुण्यांसाठी चार खोल्या. पावसाळ्यात लाइट गेली की कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, आणि धबधबा बघायला आलेली मंडळी नेमकी तेव्हाच मुक्कामाला असतात. सोलर आधीपासून होतं, पण जुलैत पठारावर धुकं उतरलं की पॅनलने तरी काय करावं? वारा मात्र त्याच दिवसांत सुटतो. म्हणून 1 किलोवॅटची पवनचक्की घेतली.

पहिली चक्की पुरवठादाराने गच्चीवरच बसवली, 10 फुटी पाइपवर. वेगळा टॉवर लागत नाही, खर्च वाचेल, असं त्याचं म्हणणं. जून लागला आणि रात्री सगळ्या स्लॅबमधून घूं घूं सुरू झालं. मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून वाजायचे. मी मध्ये फडकी कोंबून ठेवली. एवढं सोसून मीटरवर बघावं तर 20-30 वॅट! फोन केला की उत्तर ठरलेलं, ‘वारा कमी असेल ताई.’

आमच्या शेजारचा मुलगा मोठ्या पवनचक्क्यांच्या देखभालीला जातो. त्याने जुन्या लुगड्याची पट्टी बांबूला बांधली आणि गच्चीवर धरली. पट्टी एकदा इकडे, एकदा तिकडे, मध्येच बांबूलाच गुंडाळायची. मग तोच बांबू मागच्या टेकाडावर नेला. तिथे पट्टी इस्त्री केल्यासारखी सरळ ताणून राहिली. घराच्या भिंतीवर आपटून वर उसळलेला वारा भोवऱ्यासारखा फिरतो, त्यात पाती नुसती हेलकावे खातात. शंभर मीटरच्या आत जे काही उंच असेल, झाड असो की घर, त्याच्यापेक्षा पाती निदान 30 फूट वर हवीत, असं त्याने सांगितलं. आज कोणी विचारलं तर मी आधी टॉवरचे पैसे बाजूला काढायला सांगते, उरतील त्यात चक्की.

ती चक्की काढून टाकली आणि दुसरी घेताना कागदपत्रं नीट वाचली. दोन माल समोर होते, दोन्हींवर 1 किलोवॅटच लिहिलेलं. एकाच्या पात्यांचा व्यास 2 मीटर, दुसऱ्याचा 2.8. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण वारा पकडणारं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं. आणि पाटीवरचा तो किलोवॅट सेकंदाला 12 मीटर वाऱ्याला, म्हणजे ताशी 43 किलोमीटरला. तसा वारा आमच्या पठारावरसुद्धा रोज नसतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की ताकद आठवा भाग उरते. त्यामुळे सेकंदाला 5 मीटर वाऱ्यात लहान चक्की साधारण 65 वॅट देईल आणि मोठी सव्वाशेच्या आसपास. आम्ही 2.8 ची घेतली, टेकाडावर 40 फुटी टॉवर उभा केला, चारी बाजूंनी तारांचे ताण दिले. घरापर्यंत केबल 16 स्क्वेअर एमएमची टाकली; बारीक घातली असती तर निम्मी वीज वाटेतच तापून गेली असती.

आता जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाला 6-7 युनिट मिळतात. फ्रीज, दिवे, पाहुण्यांचे मोबाइल, सगळं त्यावर चालतं. बॅटऱ्या भरल्या की जास्तीची वीज कुठेतरी जिरवावीच लागते, नाहीतर चक्की मोकाट सुटते. आम्ही ती पाण्याच्या टाकीतल्या 48 व्होल्टच्या रॉडला जोडली आहे. भर पावसात भिजून आलेल्या पोरांना कढत पाण्याची बादली देताना मला फार बरं वाटतं. नोव्हेंबरात मात्र अर्धा युनिटही निघत नाही, तेव्हा सोलरच. ज्यांच्याकडे बारा महिने वारा नाही आणि ऊन आहे, त्यांनी सरळ पॅनल वाढवावेत. पुण्यात गच्चीवर बसवायची असेल तर मी नकोच म्हणेन.

देखभाल आहे आणि ती टाळून चालत नाही. टॉवर बुडातून आडवा पाडता येईल असाच घ्या. आम्ही दर मे महिन्यात हातविंचने तो खाली घेतो, बोल्ट आवळतो, पात्यांच्या कडा बघतो. दोन पावसाळ्यांत थेंबांच्या माऱ्याने कडा खरखरीत झाल्या होत्या, त्यावर टेप लावली. अर्थिंगचा खड्डा टॉवरच्या बुडाशी वेगळा खणला आहे, कारण वळवाच्या दिवसांत इथे विजा फार पडतात. ब्रेकचं बटण वादळ यायच्या आधी, चक्की हळू असतानाच दाबायचं. पूर्ण वेगात दाबलं तर वाइंडिंग, म्हणजे जनित्रातल्या तारांची गुंडाळी, जळू शकतं. यंदा चक्कीचं तोंड वाऱ्याकडे वळवणाऱ्या शेपटीच्या सांध्यातला बुश करकरतोय, नवीन मागवलाय, आला की पुन्हा टॉवर आडवा पाडायचा.