सातारा-वाई एसटी आणि मांडीवर स्केचबुक
गेले तीन रविवार सकाळी सातारा स्टँडवरून वाईची लाल एसटी पकडतेय, सोबत फक्त स्केचबुक, दोन पेन्सिली आणि डबा. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट असल्यामुळे हा छंद खिशाला अगदी परवडतो, आणि गाडी चालवायची नसल्याने डोळे मोकळे राहतात, मी तर खिडकीतूनच डोंगरांच्या रेघा मारायला लागते.

वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ समोरून सगळेच काढतात, पण जरा मागच्या बाजूला जाऊन बसा, पुराचं पाणी कापलं जावं म्हणून ती भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, ती रेघ जमेपर्यंत माझी चार पानं गेली, आणि तेवढा वेळ ऑफिसचं काहीच डोक्यात आलं नाही!

पुढे मेणवली तीनेक किलोमीटर, मी चालतच जाते. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली ती भलीमोठी घंटा. घंटेचा गोल काढणं अवघड आहे हां, घाई नको. परतीच्या एसटीत शेजारच्या आजी वही मागून घेतात, पानं उलटतात, "हा आमचाच घाट की गं" म्हणतात. पाचपैकी पाच.