टोमॅटो गाळायचं हाताचं मशीन: ४० किलो काढल्यावरचा अनुभव

या सीझनला टोमॅटोची २२ झाडं लावली होती आणि सगळी एकदम फळली. त्यातली अर्धी बुटकी, झुडपासारखी वाढणारी जात, तिची फळं दोन-तीन आठवड्यांत सगळी एकत्रच पिकतात हे वाचलं होतं पण प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. टोपल्या भरल्या, बादल्या भरल्या, शेजारीपाजारी वाटून झाले तरी रोज सकाळी परत चार-पाच किलो तयार. आणि बी टाकल्यापासून सांभाळलेल्या झाडाचं फळ डोळ्यासमोर मऊ पडून सडायला लागलं की फार जिवाला लागतं हो. म्हणून हे हँडलवालं मशीन मागवलं, आता ४० किलोच्या वर टोमॅटो त्यातून काढून झालेत, तेव्हा नीट लिहितेय.

मशीन साधं आहे. वर टोमॅटो टाकायला चाडं, आत स्क्रूसारखा फिरणारा दांडा, त्याच्यावर निमुळती स्टीलची जाळी. हँडल फिरवलं की दांडा टोमॅटो जाळीवर दाबत पुढे ढकलतो, रस आणि गर जाळीतून खाली पडतो आणि सालं-बिया पुढच्या तोंडातून बाहेर येतात. आधी मी उकळत्या पाण्यात बुडवून एकेक साल सोलायचे, मग मिक्सर, मग गाळणी, त्यात पाच किलोला अख्खी दुपार जायची. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जाऊन कडवटपणा येतो आणि हवा शिरून लालभडक रंगाचा गुलाबी फेस होतो ते वेगळंच. मशीनला पाच किलोला पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि रंग जसाच्या तसा राहतो.

पण एक गोष्ट बॉक्सवर कुठेच लिहिलेली नाही आणि तिच्यामुळे माझी पहिली बॅच पाणचट झाली. मी टोमॅटो न शिजवता तसेच चिरून टाकले. रस भरपूर निघाला, पण तासाभराने बघते तर गर वर तरंगतोय आणि खाली पिवळट पाणी! कारण असं की टोमॅटो चिरला की त्यातली एन्झाइम्स पेक्टिन तोडायला लागतात, आणि रसाला दाटपणा देतं ते पेक्टिनच. ती एन्झाइम्स उष्णतेने निकामी होतात, म्हणून आता मी थोडे टोमॅटो चिरते, लगेच पातेल्यात टाकून मोठ्या आचेवर चेचते, उकळी आली की पुढचे टाकते, उकळी मोडू न देता असं करत सगळे संपवते आणि मग जरा निवले की मशीनला. तेव्हापासून रस एकसारखा दाट येतोय, हँडलही हलकं फिरतं. मशीन आवडलं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे करून बघाच.

दुसरं म्हणजे बाहेर आलेला चोथा फेकू नका, परत चाड्यात टाका. पाच किलोला पहिल्या फेरीत साडेतीन लिटरच्या आसपास रस मिळतो, पण तोच चोथा अजून दोनदा फिरवला की पाऊण लिटर सहज निघतो, आणि तो सगळ्यात दाट असतो, सालीला चिकटलेला गर ना तो.

आता तक्रारी. खालचं रबरी सक्शन अजिबात भरवशाचं नाही, ओटा जरासा खडबडीत असला की धरतच नाही आणि गुळगुळीत असला तरी ओल्या हाताने जोर लावला की सुटतं. एकदा अख्खं मशीन भरल्या चाड्यासकट आडवं झालं, जमिनीवर रसच रस. घ्यायचंच तर टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं क्लॅम्पवालं घ्या. दांड्यामागची रबरी रिंग तिसऱ्या आठवड्यात सैल झाली आणि हँडलच्या बाजूने रस गळायला लागला, सुटी रिंग मिळवायला विक्रेत्याला पाच वेळा फोन करावा लागला, याचे दोन स्टार कापलेत. जाळी लगेच धुवा, वाळली तर ब्रशने घासून जीव जातो. प्लॅस्टिकला लाल डाग पडतात, त्यांना आधी तेल चोळा मग साबण, टोमॅटोचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही.

चेरी टोमॅटो यात घालू नका, साल-बियाच जास्त. मी ते अर्धे कापून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवते.

रस आटवायला उंच पातेलं नको, पसरट घ्या, आणि ॲल्युमिनियमचं तर नकोच, आंबटामुळे धातूची चव उतरते. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं त्यामुळे वेळ लागतो, शेवटच्या अर्ध्या तासात ढवळत राहा नाहीतर खाली लागतं. बरण्यांत भरून बाहेर ठेवणार असाल तर अर्ध्या लिटरला १ मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस किंवा पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड घालाच आणि बरण्या उकळत्या पाण्यात नियमाप्रमाणे ठेवा. पिकलेल्या टोमॅटोचा पीएच ४.६ च्या वर जाऊ शकतो, म्हणजे आंबटपणा कमी पडतो, आणि मग बंद बरणीत बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो, यात अंदाजपंचे नको. ताजं लिंबू चालत नाही कारण त्याचा आंबटपणा कमी-जास्त असतो. मी स्वतः फ्रीझ करते, पिशवीत वर थोडी जागा सोडून.

ज्या दिवशी वेळच नसतो तेव्हा टोमॅटो धुऊन अख्खेच फ्रीझरमध्ये टाकते. बाहेर काढून वितळले की साल बोटाने निघतं. फक्त फ्रीझिंगने ती एन्झाइम्स मरत नाहीत, त्यामुळे सुटलेलं पाणी आधी ओतून द्यायचं.

सीझनला दहा-बारा किलोच निघत असतील तर मिक्सर-गाळणीवर भागेल, यासाठी ओट्यावरची जागा अडवू नका. माझ्याकडे आत्ता अर्धा-अर्धा लिटरच्या ३१ पिशव्या झाल्यात आणि झाडावर अजून आठ-दहा किलो हिरवे आहेत, ते जरा रंग धरला की काढून फ्रीजबाहेरच पिकवणार, नवीन रिंग तोपर्यंत येईल असं म्हणालेत.