बिट मोजताना कोणते फंक्शन निवडावे?

अनसाइन्ड, म्हणजे ऋण किंमत न घेणाऱ्या, पूर्णांकात 1 असलेले बिट किती, हे मोजण्यासाठी सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत तीन तयार पर्याय आहेत: सी प्लस प्लस 20 मध्ये आलेले पॉपकाउंट, 1998 च्या मानकापासून असलेल्या बिटसेटचे (ठरावीक रुंदीच्या बिटसंचाचे) काउंट, आणि जीसीसी व क्लँग या कंपायलरांचे (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांचे) स्वतःचे बिल्टइन पॉपकाउंट. निवड करताना बहुतेकांची नजर आधी वेगाकडे जाते. माझ्या मते ती आधी टाइपकडे, म्हणजे किंमत किती बिटांची आणि साइन्ड की अनसाइन्ड याकडे, जायला हवी.

बिल्टइन पॉपकाउंट प्रत्येक किंमत अनसाइन्ड इंट म्हणूनच स्वीकारते. त्यामुळे 64 बिटी मास्कमध्ये (ठरावीक बिट निवडणाऱ्या संख्येत) केवळ 2 चा 32 वा घात साठवलेला असेल, तर नेहमीच्या 32 बिटी इंटवर वरचा अर्धा भाग निमूटपणे कापला जातो आणि उत्तर 1 ऐवजी 0 येते. अशा वेळी एलएल प्रत्यय असलेले निराळे फंक्शन वापरावे लागते. 8 बिटी किंमत उलटवतानाची, म्हणजे प्रत्येक 0 चा 1 आणि 1 चा 0 करतानाची, चूक तर आणखी फसवी आहे: 240 या संख्येत 1 असलेले बिट 4, म्हणून उलट केल्यावरही 4 च अपेक्षित असतात, पण उलटवण्यापूर्वी ती किंमत आपोआप इंटमध्ये बदलते आणि बिल्टइन 28 हे उत्तर देते. हेच पद मानक पॉपकाउंटला दिले, तर साइन्ड टाइप दिसताच प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, आणि ही अडवणूक मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

वेगाचा मुद्दा लवकर निकाली निघतो. जीसीसीच्या मानक लायब्ररीत पॉपकाउंट आणि बिटसेट दोन्ही आतून बिल्टइनच वापरतात. एक्स86 प्रोसेसरांच्या 64 बिटी मूळ सूचनासंचात ही मोजणी करणारी सूचना गृहीत धरलेली नसल्याने, ती हवी असल्यास कंपायलरला योग्य पर्याय देऊन तसे सांगावे लागते. खरा फरक तिथे पडतो.

सी प्लस प्लस 17 किंवा त्याआधीच्या मानकावर अडकलेल्या प्रकल्पात बिटसेट घ्यावा, मात्र रुंदी हाताने लिहावी लागते आणि ती कमी लिहिली, तर वरचे बिट इथेही मुकाट्याने गळतात.

सुरुवातीचे शून्य बिटही मोजायचे असतील, तर मानक फंक्शनांचे पारडे अधिकच जड होते: 0 दिल्यावर त्यासाठीच्या जीसीसीच्या बिल्टइनचे वर्तन अनिश्चित आहे, तर काउंटएल झिरो हे मानक फंक्शन टाइपची पूर्ण रुंदी परत करते.