मुतखड्याची भरड : लक्ष्मीपुरीतल्या काष्ठौषधीच्या दुकानाचा अनुभव

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांच्या मधेच एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, तिथनं आमच्या दाजींसाठी मुतखड्याच्या काढ्याची भरड आणली, त्याबद्दल लिहितोय. मला दुकान आवडलं ते औषधापेक्षा मालकांमुळं. 'मामा, मुतखड्याचं द्या' म्हटलं तर पुडी बांधायच्या आधी विचारलं, 'सोनोग्राफी केलीसा काय? किती एमेमचा हाय?' ४ एमेम सांगितल्यावर मग डबे उघडले. शेजारी एकजण १२ एमेमचा रिपोर्ट घेऊन आलेला, त्याला सरळ सांगितलं, आधी युरॉलॉजिस्टला दाखवा, काढ्याच्या नादाला लागू नका. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार आजकाल कुठं बघायला मिळतोय. नाहीतर '१५ दिवसांत खडा विरघळवणार, गॅरंटी' असले बोर्ड गावभर आहेतच. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते काढ्यानं विरघळत नाहीत, युरिक ॲसिडचे तेवढे डॉक्टरांच्या गोळ्यांनी विरघळू शकतात.

माल मात्र चोख. पाषाणभेद म्हणून बऱ्याच ठिकाणी पानफुटीची पानं हातात टेकवतात, इथं हिमालयाकडनं येणाऱ्या झाडाच्या मुळाचे लालसर तुकडे डोळ्यांदेखत कुटून दिले. त्यात गोखरू, वायवर्ण्याची साल आणि पुनर्नवा, म्हणजे आपली घेटुळी. गोखरू थोडं अख्खंपण घेतलं तर ते पेपरच्या पुडीत बांधलं, बिंदू चौकापर्यंत येईस्तोवर काटे पुडीतनं बाहेर आणि बोटात! पुडीवर ना तारीख ना कशात काय किती घातलंय ते, एवढं तरी लिहून द्यायला पाहिजे की ओ.

रात्री २ चमचे भरड भिजत घालायची, सकाळी ४ कप पाण्यात घालून १ कप उरेपर्यंत आटवायची. चव तुरट कडू, दाजींचं तोंड बघण्यासारखं होतं. बीपीची गोळी चालू असंल तर आधी डॉक्टरांना विचारा असं मालकांनीच बजावलं, कारण गोखरू पुनर्नवानं लघवी वाढते.

दाजींचा खडा पडला. पण खरं सांगायचं तर एवढा लहान खडा नुसत्या पाण्यानं पण बऱ्याचदा पडतो, शिवाय डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर काढ्याच्या निमित्तानं माणूस पाणी प्यायला लागला हेच मोठं काम झालं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी पाहिजे, मीठ आणि मटण कमी, पालक बेतानं. तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी ओढायचा आणि वर काढा प्यायचा, असं आपल्याकडं लई चालतं. दूध मात्र बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम उलट ऑक्झलेट आतड्यातच अडवून धरतं.

याच दुकानात हुलगे पण चांगले मिळतात, माडगं करा, मुतखड्यासाठी आपल्याकडं पूर्वीपासनं देतात, नाही उपयोग झाला तरी पोट भरतं. आणि ताप आला, थंडी वाजली, लघवी अडली तर दुकान नाही, डायरेक्ट दवाखाना गाठायचा.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो पुडीवरच्या तारखेसाठी. गाडी लांब लावून चालत जावा, तिथं हातगाड्यांमधनं टू-व्हीलर पण घुसत नाही.