मणक्याचा एमआरआय: तपासणी चोख, वेळेचे नियोजन ढिसाळ

माझ्या 67 वर्षांच्या आईला या केंद्रात एमआरआयसाठी नेले, तेव्हा तिची पाठ दुखू लागून चार महिने होऊन गेले होते आणि अन्यत्र काढलेल्या एक्स-रेवर ‘वयोमानानुसार झीज’ एवढाच शेरा होता. त्या एक्स-रेला दोष देण्यात अर्थ नाही. हाडातील खनिजांचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नाहीसा झाल्याखेरीज त्यावर मणक्याची खराबी सहसा उमटत नाही, हे मलाही पुढे कळले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त कमरेचा एमआरआय लिहिलेला होता. येथील रेडिओलॉजिस्ट बाईंनी मात्र आईला आत घेण्यापूर्वी समोर बसवून विचारले, “आजी, रात्री झोपल्यावरही दुखतं का? संध्याकाळी अंग कसकसतं का? साडीच्या निऱ्या हल्ली जास्त पडतात का?” वजन घटल्याची चौकशी अशा रीतीने करणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. तिन्ही प्रश्नांना होकार मिळताच त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन केला, संपूर्ण कण्याची चाळणी-तपासणी (स्क्रीनिंग, म्हणजे झटपट प्राथमिक पाहणी) आणि कॉन्ट्रास्टचे, म्हणजे दोष चित्रात उठून दिसावा म्हणून द्यायच्या द्रव्याचे, इंजेक्शन यांना संमती घेतली आणि वाढणारा खर्चही आम्हाला आधीच सांगितला. या केंद्राला मी चांगले गुण देतो ते मुख्यतः या दहा मिनिटांसाठी, कारण मुख्य दोष कमरेत नव्हताच, तो वर पाठीत होता आणि चिठ्ठीबरहुकूम तपासणी झाली असती तर तो चित्रात आलाच नसता.

गैरसोय येथूनच सुरू झाली. कॉन्ट्रास्टपूर्वी मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी क्रिएटिनिनचा अहवाल लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. रक्त देऊन अहवाल हाती येईपर्यंत अडीच तास गेले आणि तेवढा वेळ बसणेही सोसत नसलेली आई बाकावर कुशीवर पडून राहिली. वयस्क रुग्णाला वेळ देतानाच फोनवर ‘अलीकडचा क्रिएटिनिन असल्यास आणा’ एवढे वाक्य सांगायला काय हरकत आहे? संमतीपत्रही केवळ इंग्रजीत होते.

तंत्रज्ञ मात्र सौजन्यशील होता. आईच्या पाटल्या निघता निघेनात, तेव्हा त्याने साबणाचे पाणी आणून त्या हलक्या हाताने उतरवल्या, गुडघ्यांखाली उशी दिली आणि यंत्राच्या ठोठावण्याचा त्रास होऊ नये म्हणून कानात बोळे घालून दिले.

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. त्यात पाठीच्या नवव्या व दहाव्या मणक्यांना सूज असल्याचे, त्यांच्यामधील गादी त्या मानाने शाबूत असल्याचे आणि पुढच्या बाजूच्या अस्थिबंधाखालून पातळ, गुळगुळीत भिंतीचे गळू खाली उतरल्याचे नोंदवले होते. शिवाय कमरेच्या तिसऱ्या मणक्यातही लहानसा दोष होता. साध्या जंतूंच्या संसर्गात गादी बहुधा लवकर खराब होते आणि गळूची भिंत जाड, वेडीवाकडी दिसते, त्यामुळे हे चित्र क्षयरोगाकडे अधिक झुकते, असे बाईंनी पडद्यावर बोट ठेवून समजावले. मज्जारज्जूवर दाब नाही, हेही त्यांनी आम्ही न विचारता सांगितले.

त्याहून मला भावले ते अहवालातील शेवटचे वाक्य: ‘क्षयरोगाची शक्यता अधिक, निश्चितीसाठी ऊतींचा नमुना आवश्यक.’ चित्रावरून जंतूचे नाव ठामपणे सांगता येत नाही आणि गादीच्या झिजेमुळे येणारी सूजही कधीकधी संसर्गासारखीच भासते. तरीही छातीठोक निदान लिहून मोकळे होणारे अहवाल मी घरच्याच इतर आजारपणांत पाहिले आहेत. पुढे दुसऱ्या रुग्णालयात सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाने सुई घालून नमुना घेतला, तो सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी गेला आणि क्षयरोगच निघाला. औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत चालू आहेत.

सीडी मागूनही दोन दिवस उशिरा मिळाली आणि फिल्मच्या पाकिटावर आईचे आडनाव चुकीचे होते, ते दुरुस्त करून घ्यावे लागले. उपचारांदरम्यान दुखणे कमी झाले तरी चित्रातील सूज मागाहून ओसरते, त्यामुळे घाईने पुन्हा एमआरआय करू नका, असा सल्ला येथेच मिळाला, म्हणजे स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच लांबवले. डॉक्टर सांगतील तेव्हा आम्ही पुन्हा याच ठिकाणी येऊ, फक्त सकाळची पहिली वेळ घेऊन आणि क्रिएटिनिनचा कागद खिशात ठेवून.