पाकीट घरी राहिलं तर? डिजिलॉकर कुठे तारतं, कुठे हात वर करतं

पाकीट विसरल्याचं लक्षात येतं ते बहुधा स्टेशनवर रिक्षातून उतरताना, खिशात हात घातल्यावर. भाडं यूपीआयने भागतं, पण ओळखपत्राचं काय? केंद्र सरकारचं डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागदपत्रं फोनवर ठेवायचं अ‍ॅप, 2015 पासून आहे, फुकट आहे आणि कामाचंही आहे. अट एकच, ते घरून निघण्याआधी लावून ठेवलेलं हवं. फलाटावर उभं राहून खातं उघडायला घेतलं की घोडं पेंड खातं.

कारण सगळं ओटीपीवर अडतं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग सहा आकडी पिन ठरवायचा. अनेकांचं आधार अजून जुन्या, बंद पडलेल्या नंबराला जोडलेलं असतं, आणि तो नंबर बदलणं हे गाडी सुटायच्या आत होणारं काम नव्हे. पिन विसरला तर नवा करतानाही ओटीपी लागतोच.

आता खरी गोम. अ‍ॅपमध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. ‘इश्यूड’ मधली कागदपत्रं आरटीओ, आयकर खातं, बोर्ड यांच्या नोंदींतून थेट येतात आणि नियमाने ती मूळ कागदपत्रांच्या बरोबरीची मानली जातात. दुसऱ्या कप्प्यात आपणच काढलेले फोटो आणि पीडीएफ ठेवता येतात, 1 जीबीपर्यंत. लायसनचा फोटो तिथे टाकून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. तपासणीच्या वेळी त्याला फोनच्या गॅलरीतल्या फोटोइतकीच किंमत. स्क्रीनशॉटचंही तेच. समोरच्याला अ‍ॅप उघडून ‘इश्यूड’ मधलंच दाखवायचं.

लायसन आणताना नंबर अचूक लिहावा: राज्य आणि आरटीओचा कोड, चार आकडी वर्ष, मग सात आकडे. तरी ‘नोंद सापडली नाही’ असं आलं तर कारणं साधारण दोन. जुन्या पुस्तकी लायसनची नोंद संगणकावर चढलेलीच नसते, ती आरटीओत जाऊन चढवून घ्यावी लागते. नाहीतर नावं जुळत नाहीत: आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, लायसनवर नुसतं आद्याक्षर. गाडीच्या आरसीला चॅसिस नंबरही लागतो आणि तिथेही मालकाचं नाव बघितलं जातं. वडिलांच्या नावावरची स्कूटर मुलाच्या खात्यात यायची नाही.

रेल्वेत हे अ‍ॅप सर्वांत जास्त उपयोगी पडतं. ई-तिकिटावर चार जण असले तरी एकाचंच ओळखपत्र पुरतं. एकाकडेही नसेल तर सगळे विनातिकीट धरले जातात. रेल्वेच्या 2018 च्या आदेशात डिजिलॉकरमधलं आधार आणि ड्रायव्हिंग लायसन स्पष्टपणे मान्य केलेलं आहे, तेव्हा बाकी काही नाही तरी ही दोन आणून ठेवावीत. आणि टीसी येण्याआधीच, रेंज असताना, अ‍ॅप उघडून ठेवावं. कोकण रेल्वेवर 91 बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडेचा तर साडेसहा किलोमीटरचा. तिथे गोल गोल फिरणारं चक्र टीसीला दाखवून भागत नाही.

रस्त्यावर वाहतूक पोलिसांना लायसन आणि आरसी डिजिलॉकरमध्ये किंवा एम-परिवहन या सरकारी वाहतूक अ‍ॅपमध्ये दाखवलेली चालते, तीही 2018 पासूनच.

जिथे फोनच आत नेता येत नाही तिथे मात्र हे अ‍ॅप शून्य. नीटसारख्या परीक्षेला निघताना हॉल तिकिटावरची सूचना वाचून अस्सल कार्डच घ्यावं, त्यात कसली सवलत शोधू नये. परदेशी जाताना पासपोर्टला पर्याय नाही. कॉलेजच्या प्रवेशाला मूळ गुणपत्रिका मागितली असेल तर खिडकीवरच्या बाईंशी नियमावर वाद घालण्यापेक्षा घरून कुणाला तरी ती घेऊन बोलावणं लवकर होतं.

फोनची बॅटरी संपत आली असेल तर ती पूर्ण जाण्याआधी जवळचं झेरॉक्सचं दुकान गाठावं. आधारच्या संकेतस्थळावरून ई-आधार उतरवता येतं, ओटीपी इथेही लागतो. फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि जन्मवर्ष. ही छापील प्रत कार्डाइतकीच ग्राह्य असते. पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही तिथेच मिळते. नुसती ओळख पटवायची असेल तर तीच घ्यावी. प्रिंट हातात पडली की दुकानदाराच्या संगणकातली फाइल पुसून टाकावी, डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही. गडबडीत नेमकी हीच फाइल तिथे राहून जाते.